इंडियन डिफेन्समधला 'इंडियन' कोण?

मुलांच्या बुद्धिबळ स्पर्धेच्या बक्षीस समारंभात प्रमुख पाहुणे बोलायला उठले की मी घड्याळ बघून ठेवतो. साधारण चौथ्या मिनिटाला ते वाक्य येतं : "बुद्धिबळ ही भारताची जगाला देणगी, म्हणून तर आजही साऱ्या जगात इंडियन डिफेन्स खेळला जातो!" टाळ्या पडतात. यंदा टाळ्या चालू असतानाच शेजारच्या खुर्चीवरच्या चौथीतल्या मुलीने विचारलं, "काका, फ्रेंच डिफेन्सपण असतो ना? मग बुद्धिबळ फ्रान्समध्येपण जन्मलं का?"

तिला पहिलं बक्षीस द्यायला हवं होतं.

बुद्धिबळाचं मूळ रूप असलेलं चतुरंग भारतातलंच, याबद्दल वाद नाही. पण ओपनिंगला मिळालेलं नाव हा खेळाचा जन्मदाखला नव्हे. फ्रेंच बचावाला ते नाव मिळालं १८३४ ते १८३६ मध्ये पॅरिस आणि लंडन यांच्यात पत्रांनी खेळल्या गेलेल्या सामन्यामुळे. तो पॅरिसने जिंकला. सामना इटलीतल्या एखाद्या गावाने जिंकला असता तर आज आपण भलतंच नाव पाठ करत बसलो असतो. 'इंडियन' हे विशेषणही असंच एका ठिकाणाहून आणि एका माणसावरून आलं. राग येतो तो याचा, की ती खरी गोष्ट भाषणातल्या गोष्टीपेक्षा कितीतरी चांगली आहे आणि ती कुणीच सांगत नाही.

ही गोष्ट सुरू होते जॉन कॉक्रेन या स्कॉटिश बॅरिस्टरपासून. जन्म १७९८ चा. ऐन तिशीच्या आत त्याने फ्रान्सला जाऊन देशापेल आणि लाबुर्दोने या त्या काळच्या दादा खेळाडूंशी डाव मांडले होते, १८२२ मध्ये बुद्धिबळावर ग्रंथ लिहिला होता. युरोपात नाव होण्याचे दिवस, आणि हा गृहस्थ वकिलीसाठी कलकत्त्याला निघून आला. १८४१ च्या सुमारास रजेवर लंडनला गेला तेव्हा अव्वल इंग्लिश खेळाडू हॉवर्ड स्टाँटन याच्याशी त्याने शेकडो डाव खेळले. बरेचसे हरला, पण स्टाँटनला घाम फोडून. मग पुन्हा कलकत्ता, थेट १८६९ पर्यंत.

कलकत्त्यात त्याच्या तोडीचं कोणी नव्हतं. मग १८४८ च्या आसपास मोफसलातून एक बंगाली ब्राह्मण पुढे आला. आपल्या भागात त्याला कोणी हरवू शकत नाही अशी त्याची ख्याती होती. नाव महेशचंद्र बॅनर्जी. इंग्रजी नियतकालिकांनी या नावाची जी दैना केली ती बघवत नाही : कुठे मोहेशचंदर, कुठे मोहिशुंदर, कुठे नुसताच 'ब्राह्मण'. पण डाव मात्र नीट उतरवून घेतले. स्टाँटनच्या 'चेस प्लेयर्स क्रॉनिकल'मध्ये १८५० साली या खेळाडूची बातमीही पोचली होती. पुढची दहा-बारा वर्षं कॉक्रेन आणि बॅनर्जी समोरासमोर बसत राहिले. शेकडो डाव आजही उपलब्ध आहेत. एकूण हिशेबात कॉक्रेन वरचढ ठरला, हेही सांगायला हवं. नाहीतर मीही पाहुण्यांच्या रांगेत बसायचो.

बॅनर्जी वेगळा खेळायचा. तेव्हाचा युरोपीय खेळाडू काय करी? समोरच्याने राजापुढचं प्यादं दोन घरं टाकलं की आपणही टाकायचं, पटाचा मध्य धरायचा आणि तलवारी उपसायच्या. बॅनर्जी समोरच्याच्या डी-४ या चालीला उत्तर म्हणून घोडा एफ-६ वर आणी, प्यादं जी-६ वर एकच घर सरकवी आणि त्यामागे, जी-७ वर, उंट दडवून ठेवी. मध्य तुम्ही घ्या, मी दुरून बघतो.

हे कुठून आलं ते आपल्या आजोबांच्या पिढीला सांगावं लागलं नसतं. जुन्या देशी पद्धतीत प्यादं पहिल्या चालीतही एकच घर सरके. किल्लेकोट नव्हता; राजाला एकदाच घोड्याची उडी घेता येई, तीही शह बसायच्या आधी. अशा खेळात डाव सावकाश उघडतो, मोहरी आधी घराशीच जुळवून घ्यावी लागतात. बॅनर्जीने युरोपीय नियम शिकून घेतले, हाताची सवय मात्र तशीच राहिली असावी. 'इंडियन डिफेन्स' हा शब्द छापील स्वरूपात १८८४ सालापासून भेटतो, आणि त्याचा संबंध कॉक्रेनविरुद्धच्या या डावांशीच जोडला गेला. म्हणजे 'इंडियन'चा अर्थ चतुरंगाची जन्मभूमी असा नाही. कॉक्रेनच्या समोर बसणाऱ्या त्या माणसाची ही पद्धत, एवढाच आहे.

आता थोडं चिडू द्या. १८४८ च्या एका डावात बॅनर्जीने पेट्रोव बचाव घेतला आणि कॉक्रेनने चौथ्याच चालीत एफ-७ वरचं प्यादं मारून घोडा देऊन टाकला. त्या बलिदानाला जगाने 'कॉक्रेन गॅम्बिट' म्हटलं. १९९९ मध्ये लिनारेसला तोपालोवने क्रामनिकविरुद्ध ते खेळून दाखवलं, डाव बरोबरीत सुटला. एकाच पटावरचे दोघे : साहेबाच्या वाट्याला आडनाव आलं, बॅनर्जीच्या वाट्याला देशाचं विशेषण.

यातूनच दुसरा गैरसमज निघतो : ज्याच्या नावाचं ओपनिंग, त्याने ते शोधलं. साफ चूक. एर्न्स्ट ग्रुनफेल्ड हा व्हिएन्नाचा खेळाडू. लहानपणीच एक पाय गमावलेला, ओपनिंगचा चालताबोलता कोश. १९२२ मध्ये त्याने १. डी-४ घोडा एफ-६ २. सी-४ जी-६ ३. घोडा सी-३ डी-५ ही मांडणी मोठ्या स्पर्धांत आणली, त्याच वर्षी तिने आल्येखिनलाही हरवलं आणि ग्रुनफेल्ड बचाव जन्माला आला. पटत नसेल तर कोणत्याही बऱ्या डेटाबेसमध्ये कॉक्रेन विरुद्ध बॅनर्जी, १८५५ हा डाव काढा. पहिल्या तीन चाली अगदी त्याच आहेत. ग्रुनफेल्डने चोरी केली असं मुळीच नाही. त्याने त्या चालींमागचा विचार उभा केला, त्या पुन्हा पुन्हा खेळला, आणि १९२० च्या दशकात रेटी, निम्झोविच यांच्यासारखी मंडळी दुरून मध्य दाबण्याचं शास्त्र सांगत असल्यामुळे त्याचं ऐकणारेही होते. नाव पहिल्या खेळाडूला क्वचितच चिकटतं. ज्याचे डाव छापून येतात, वाचले जातात आणि ज्याची नक्कल होते, त्याला ते चिकटतं.

उदाहरणांना तोटा नाही. रुई लोपेझ या स्पॅनिश धर्मगुरूचं पुस्तक १५६१ चं. त्याच्या नावाचं ओपनिंग १४९० च्या सुमाराच्या गटिंगन हस्तलिखितात आधीच आहे. स्कॉच गेमचं श्रेय एडिंबराला मिळालं ते लंडनशी १८२४ मध्ये सुरू झालेल्या पत्र-सामन्यामुळे, आणि त्या सामन्यात सुरुवातीला लंडनच्या बाजूने डोकं चालवणाऱ्यांत आपला कॉक्रेनच होता. तो हिंदुस्थानात निघून आला आणि लंडन हरलं.

किरकोळ गैरसमज भराभर उरकतो. इंडियन डिफेन्स हे नाव विश्वनाथन आनंदमुळे पडलेलं नाही. आनंदचा जन्म १९६९ चा. सुलतान खानमुळेही नाही. त्याने १९२९, १९३२ आणि १९३३ मध्ये ब्रिटिश अजिंक्यपद मिळवलं, कापाब्लांकाला हरवलं, पण तोवर हे नाव जुनं झालं होतं. निम्झो-इंडियनमधला निम्झोविच रिगाचा. त्याचा भारताशी संबंध एवढ्या जोडनावापुरता. एव्हान्स गॅम्बिटचा एव्हान्स ग्रँडमास्टर नव्हता, वेल्सचा जहाजी कप्तान होता. 'क्वीन्स गॅम्बिट' मालिकेवरून ओपनिंगला नाव पडलं नाही, उलटं झालं. आपण सगळे ज्यांनी खेळतो ती स्टाँटन मोहरी स्टाँटनने घडवली नाहीत. १८४९ मध्ये नोंदवलेल्या त्या नमुन्याचं श्रेय नॅथनिएल कुकला दिलं जातं, स्टाँटनने फक्त नाव वापरू दिलं.

आणि शेवटचा : फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेकडे ओपनिंगची नावं नोंदवणारं कार्यालय आहे म्हणे. असं काही नाही. त्यातल्या त्यात शिस्त आणली ती बेलग्रेडहून १९७४ पासून निघालेल्या ओपनिंगच्या ज्ञानकोशाने. ए ते ई अशी पाच अक्षरं, प्रत्येकी शंभर क्रमांक. किंग्ज इंडियन, क्वीन्स इंडियन, निम्झो-इंडियन हे सगळे त्यात 'ई' खंडात आहेत. महेशचंद्र बॅनर्जीचा १८५५ चा तो डाव मात्र तिथे सापडत नाही. तो 'डी' खंडात, ७० ते ९९ या क्रमांकांत, ग्रुनफेल्डच्या नावाखाली लागला आहे.