दोन धामणगावांमधला रस्ता

अमरावती जिल्ह्यात धामणगावे दोन आहेत. एक रेल्वेचे, दुसरे गढीचे. धामणगाव रेल्वे हे मुंबई-नागपूर लोहमार्गावर, कापसाच्या सपाट मुलखात. धामणगाव गढी अचलपूर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी. तिथून घाट चढला की चिखलदरा. चांदूर रेल्वे, पोहऱ्याचे जंगल, अमरावती, वलगाव, परतवाडा असा हा रस्ता जातो. चिखलदऱ्यापर्यंत अंतर दीडशे किलोमीटरच्या आत. मोटारीने एका सकाळचा प्रवास, सायकलीने दोन दिवसांचा. चळवळीतल्या तरुण-तरुणींनी तो सायकलीने करावा, असे आमचे म्हणणे आहे.

हे वाचून काही समाजबांधव हसतील. आपल्या वस्तीत सायकल कधी हौसेची नव्हतीच. जिनिंगमध्ये पाळीवर जाणारा मजूर, पहाटे वर्तमानपत्रे टाकणारा पोरगा, मागे इळा-दोर बांधून चाऱ्याला जाणारा बाप, यांची ती सायकल. ज्याच्याकडे चार पैसे आले त्याने आधी सायकल सोडली आणि गाडी घेतली. आता शहरातले साहेब लोक पन्नास-पन्नास हजारांच्या सायकली घेऊन, डोक्यावर टोप घालून रविवारी डोंगर पाहायला निघतात. ते त्यांचे चोचले, आपल्याला काय त्याचे, असा प्रश्न पडणे साहजिक आहे.

पण या प्रश्नाचे उत्तर खुद्द बाबासाहेबांच्या आयुष्यात आहे. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' हे त्यांचे छोटेसे आत्मकथन ज्यांनी वाचले असेल त्यांनी एक गोष्ट आठवावी. त्यातले स्वतःचे अनुभव बरेचसे प्रवासातले आहेत. १९०१ साली मसूर स्टेशनवर उतरलेल्या लहानग्या भीमाला गाडीवान गाडीत बसवून घेईना. शेवटी दुप्पट भाडे देऊन, बैल पोरांनीच हाकायचे या अटीवर गाडी मिळाली. १९२९ साली चाळीसगावला टांगेवाला त्यांना हाकून न्यायला तयार झाला नाही. मग टांगा हाकण्याची सवय नसलेल्या आपल्याच माणसाने लगाम धरला, टांगा उलटला आणि बाबासाहेबांचा पाय मोडला. तेव्हा ते बॅरिस्टर होते आणि सरकारी समितीच्या कामासाठी फिरत होते, तरी गाठ जातीशीच पडली.

तिसरा प्रसंग १९३४ सालचा. चळवळीतल्या सहकाऱ्यांना वाटले, एकदा बाबासाहेबांबरोबर स्थळदर्शनाला जावे. तीसेक माणसे वेरूळची बौद्ध लेणी पाहायला निघाली. वाटेत दौलताबादच्या किल्ल्याशी धुळीने माखलेले हातपाय धुतले, तर हौद बाटवला म्हणून जमाव अंगावर धावून आला. तिथे सभा नव्हती, सत्याग्रहही नव्हता. आपला देश डोळ्यांनी पाहावा एवढीच इच्छा होती आणि तेवढीही सहन झाली नाही. महाडचा सत्याग्रह करून सात वर्षे झालेला नेता स्थळदर्शनासाठी वेळ काढतो, याचा अर्थ काय? माणसाला भाकर लागते, पुस्तक लागते, तसे विनाकारण, केवळ पाहण्यासाठी हिंडणेही लागते. ज्याला पोटाच्या कामाशिवाय गावाबाहेर पडण्याची मुभा नसते तो गुलाम असतो.

सायकल चळवळीला परकी नाही, हेही विसरू नये. मान्यवर कांशीराम यांनी १५ मार्च १९८३ रोजी डीएस-फोरच्या शंभर कार्यकर्त्यांसह दिल्लीहून सायकल यात्रा काढली. चाळीस दिवसांत सात राज्ये पालथी घातली. वर्षभरात, १४ एप्रिल १९८४ रोजी, बहुजन समाज पक्ष उभा राहिला. पैसा नसलेल्या समाजाचे ते वाहन होते. तेलपाणी लागत नव्हते आणि प्रत्येक गावात थांबता येत होते.

थांबता येणे, हाच या प्रवासाचा खरा लाभ आहे. धामणगाव-अमरावती रस्त्यावर चांदूर रेल्वे सोडले की पोहरा-मालखेडचे जंगल लागते. सागाचे, पानगळीचे हे रान पावसाळ्यात हिरवे गर्द आणि चैत्रात उघडे पडते. यात बिबटे आहेत. पुढे अमरावती. इथल्या अंबादेवीच्या मंदिर प्रवेशाचा प्रश्न पेटला असताना १३ नोव्हेंबर १९२७ रोजी इंद्रभुवन थिएटरात बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली वऱ्हाडातील अस्पृश्यांची परिषद भरली होती. आदल्याच दिवशी त्यांचे थोरले बंधू बाळाराम वारले होते. घरचे दुःख गिळून माणूस सभेचे काम चालवतो, हे त्या शहरात उभे राहून आठवावे.

अमरावतीच्या पुढे वलगाव. इथेच पेढी नदीच्या पुलाजवळ २० डिसेंबर १९५६ रोजी गाडगेबाबांनी प्राण सोडला. बाबासाहेब गेल्याला चौदा दिवस झाले होते. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा १९४९ साली बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली करणारा हा परीट समाजातला संत आयुष्यभर रस्त्यावर राहिला आणि रस्त्यावरच गेला. मोटारीतून जाताना हा पूल अर्ध्या मिनिटात मागे पडतो. सायकलवाला उतरतो.

आता दुसरी बाजू पाहू. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ रोजी पूर्ण खुला झाला. तो धामणगाव रेल्वे, चांदूर रेल्वे, नांदगाव खंडेश्वर या तालुक्यांतून जातो. त्यावर दुचाकीला बंदी आहे, मग सायकलीचे नावच नको. ताशी १२० च्या वेगात सायकल असू नये, हे आम्हालाही कळते. पण मग सायकलीचा रस्ता कुठे आहे? जुन्या रस्त्यावर ट्रक आणि एसटीच्या कडेने, तुटलेल्या साइडपट्टीवरून शाळेत जाणारी मुलगी चालवते ती सायकलच आहे. मानव विकास कार्यक्रमात सरकार आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली देते, हे चांगलेच. सायकल देणाऱ्याने रस्त्याची कडही द्यावी, ही मागणी हौशी सायकलस्वारांपेक्षा आपल्या मुलींची अधिक आहे. ती आपणच लावून धरली पाहिजे.

धामणगाव गढीपासून सातशे मीटरच्या आसपास चढ आहे. घाटात दम लागतो, उतरून सायकल ढकलावी लागते, त्यात लाज नाही. वर चिखलदरा १,११८ मीटरवर. पर्यटक तिथे धुके, गाविलगड आणि भीमकुंड पाहतात. पण मेळघाट म्हणजे कोरकूंचा मुलूख आहे. १९७३-७४ मध्ये देशातले पहिले नऊ व्याघ्र प्रकल्प झाले, त्यात मेळघाट होता. वाघासाठी गावे उठली. कुपोषणाने मेलेल्या बालकांचा प्रश्न उच्च न्यायालयात वर्षानुवर्षे चालला. ज्याला पाण्यावरून हाकलले गेले, त्याच्या वारसाने जंगलावरून हाकलल्या गेलेल्याकडे देखावा म्हणून पाहू नये. फोटो काढण्याआधी त्याच्या अंगणात बसावे, चहाचे पैसे त्याच्याच टपरीवर द्यावेत.

याच पायथ्याशी अचलपूर तालुक्यातले पायविहीर हे गाव आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २०१२ साली या गावाला सुमारे १९३ हेक्टरवर सामूहिक हक्क मिळाला. गावाने उजाड जमीन राखली, झाडे लावली, सीताफळे दलालाला न देता स्वतः विकली. २०१४ साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा जैवविविधता पुरस्कार मिळाला. हक्क हाती आला की माणसे जंगल खात नाहीत, जगवतात. हे पुस्तकात वाचण्यापेक्षा तिथे जाऊन पाहावे.

म्हणून एक सूचना. दरवर्षी १३ नोव्हेंबरच्या सुमारास धामणगाव रेल्वेहून मुलामुलींनी निघावे. पाऊस संपलेला असतो, थंडी सुरू झालेली असते. महागडी सायकल नको. ब्रेक चांगले, टायर नवे, सोबत पंप, पंक्चरचे सामान आणि दोन बाटल्या पाणी पुरे. जंगलातला रस्ता अंधाराआधी ओलांडावा, मुख्य रस्ता सोडू नये. लॉजचा खर्चही नको. वाटेवरच्या बुद्धविहारांनी एका रात्रीपुरती सतरंजी आणि पिठलं-भाकर द्यावी. वेरूळची लेणीही वाटसरूंना आसरा देत होतीच. विहार केवळ वंदनेसाठी आठवड्यातून एकदा उघडण्याची वास्तू नव्हे.

तीस माणसे १९३४ साली निघाली होती. त्यांच्या नातवंड-पतवंडांना आज कुणी हौदावर अडवणार नाही, असे आपण धरून चालतो. ते खरे की नाही, हे घरी बसून कळत नाही. त्यासाठी निघावे लागते.

जयभीम!