चुलीवर न चढलेलं शेवाळ

सुशीभोवती गुंडाळलेला नोरीचा गडद हिरवा पापुद्रा अनेकांनी पाहिलेला असतो. भाजण्यापूर्वी हाच पापुद्रा जांभळट काळा असतो. आचेवरून दोन-चार वेळा फिरवला की पाहता पाहता हिरवा होतो. हे हिरवेपण बाहेरून येत नाही, ते आधीपासून आतच असतं! नोरी हे लाल शेवाळ. त्यात हरितद्रव्याच्या जोडीला फायकोएरिथ्रिन नावाचं लाल रंगद्रव्य असतं. पाण्यात खोलवर पोचणारा निळा-हिरवा प्रकाश ते टिपून घेतं. हे रंगद्रव्य प्रथिनाशी जोडलेलं असल्यामुळे उष्णता लागताच मोडतं आणि झाकलेलं हिरवं उघडं पडतं. वाकामे हे तपकिरी शेवाळही गरम पाण्यात बुडवलं की क्षणात हिरवंगार होतं.

म्हणून कच्चा आहार घेणारी माणसं, म्हणजे साधारण 42 ते 48 अंश सेल्सिअसच्या वर अन्न न तापवणारी, शेवाळ घेताना आधी रंग बघतात. जांभळी नोरी, तपकिरी वाकामे. हिरवं दिसलं, तर त्याला आच लागलेली आहे.

मग आचेशिवाय हे वाळकं, चामट पान खाण्याजोगं होतं कसं? सगळं काम पाणी करतं. झाडाला उभं राहायला लाकूड लागतं. शेवाळाला समुद्रच तोलून धरतो. त्याला अन्नपाणी शोषणारी मुळंही नसतात. बुंध्याशी असते ती खडकाला धरून ठेवणारी पकड, आणि पोषण शोषून घेतं सगळं अंग. त्याच्या पेशींच्या भिंतींमध्ये पाणी धरून ठेवणाऱ्या बुळबुळीत शर्करा भरलेल्या असतात. ओहोटीच्या वेळी खडकावर नोरी उन्हात कडकडीत वाळते आणि भरती आली की पुन्हा पसरते. वाडग्यातल्या पाण्यात आपण तिला तीच भरती देत असतो.

वाळलेलं वाकामे थंड पाण्यात पाच-दहा मिनिटांत कितीतरी पट फुगतं, म्हणून चिमूटभरच घ्यावं. निथळून त्यावर लिंबू, तीळ, काकडी घातली की कोशिंबीर तयार. डल्स हे लाल शेवाळ तर आयर्लंड आणि आइसलँडमध्ये वाळवून नुसतंच चघळतात. कोम्बू हे शेवाळ जाड, त्याचं पान चावण्यापेक्षा त्याचं पाणी घ्यायचं. एक तुकडा रात्रभर थंड पाण्यात ठेवला की सकाळी त्या पाण्याला खोल, रुचकर चव आलेली असते. 1908 मध्ये तोक्योतले रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी कोम्बूतूनच ग्लुटामेट वेगळं काढलं आणि या चवीला ‘उमामी’ हे नाव दिलं.

आपल्याकडच्या चायना ग्रासचं, म्हणजे अगरचं, मूळही लाल शेवाळातच आहे. पण ते उकळल्याशिवाय विरघळत नाही, त्यामुळे कच्च्या स्वयंपाकात त्याचा उपयोग नाही. तिथे अटलांटिकच्या किनाऱ्यावरचं आयरिश मॉस कामाला येतं. ते अनेकदा धुऊन वाळू काढायची, रात्रभर थंड पाण्यात भिजवायचं आणि थोड्या पाण्याबरोबर मिक्सरमध्ये अगदी गुळगुळीत वाटायचं. भिजलेल्या सब्जासारखं ते फुगून मऊ झालेलं असतं, आणि त्यातल्या कॅरागीननमुळे काजूच्या किंवा नारळाच्या न शिजवलेल्या गोड पदार्थांना दाटपणा येतो.

ही विद्या आजच्या आरोग्यप्रेमींनी शोधलेली नाही. हवाईत शेवाळाला लिमू म्हणतात आणि मासे आणि पोई (अळूच्या कंदाचा लगदा) यांच्यासोबत ते पूर्वापार खाल्लं जातं. लिमू कोहू नावाचं उग्र वासाचं लाल शेवाळ निवडतात, उग्रपणा उतरावा म्हणून रात्रभर गोड्या पाण्यात ठेवतात, मग मीठ लावून कुटतात आणि गोळे करून ठेवतात. कच्च्या माशाबरोबर त्याची चिमूट पुरते. जुन्या ‘कापू’ निर्बंधांनुसार तिथल्या बायकांना डुकराचं मांस आणि नारळ खायला मनाई होती. लिमूवर मात्र बंदी नव्हती. 1819 मध्ये ते निर्बंध मोडले, पण लिमूची जाण बायकांनी टिकवली. इझाबेला अ‍ॅबट (1919-2010) या हवाईयन शास्त्रज्ञ आईकडून ती शिकल्या आणि पुढे प्रशांत महासागरातल्या शेवाळांच्या थोर अभ्यासक झाल्या.

भिजवण्याने आणखी एक गोष्ट साधते. प्रौढ माणसाला रोज सुमारे 150 मायक्रोग्रॅम आयोडीन लागतं आणि एक ग्रॅम वाळलेल्या कोम्बूत त्याच्या दहापटही असू शकतं. भिजवताना त्यातलं बरंचसं पाण्यात उतरतं. म्हणून ते पाणीही जपूनच प्यावं आणि थायरॉइडचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारूनच शेवाळ खावं. हिजिकी या शेवाळात अजैविक आर्सेनिक जास्त असतं, ते टाळलेलं बरं. सांडपाणी मिसळणाऱ्या किनाऱ्यावरचं काहीही तोंडात घालू नये.

आणि सर्वांत थक्क करणारी गोष्ट तर जेवणानंतर घडते. नोरीतली पॉर्फिरन ही शर्करा माणसाची स्वतःची पाचकद्रव्यं फोडू शकत नाहीत. फ्रान्समधल्या रोस्कॉफच्या संशोधकांना ती फोडणारी विकरं समुद्रातल्या एका जिवाणूत सापडली. त्याच विकरांची जनुकं जपानी माणसांच्या आतड्यातल्या जिवाणूंमध्येही निघाली. तुलनेसाठी घेतलेल्या उत्तर अमेरिकी लोकांच्या नमुन्यांत ती नव्हती. हा शोध 2010 मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला. जपानमध्ये शेवाळ इतकं मोलाचं होतं की आठव्या शतकात ते करापोटीही दिलं जाई. पिढ्यानुपिढ्या न भाजलेल्या नोरीसोबत समुद्रातले जिवाणू पोटात गेले आणि त्यांच्याकडची जनुकं आतड्यातल्या जिवाणूंनी उचलली, असा या संशोधकांचा निष्कर्ष आहे. नोरी भाजली असती, तर तिच्यावरचे ते जिवाणू वाटेतच मेले असते. न तापवता खाल्लेल्या अन्नाने ते अन्न पचवण्याची कलाच माणसाच्या पोटात आणून सोडली.