पाठीवरचा पंप

वसईच्या बागायतीचा गौरव करणारी एक स्मरणिका अलीकडे माझ्या हाती आली. राजेळी केळी, उन्हात वाळवलेली सुकेळी, विहिरींवरचे रहाट, पहाटेच्या लोकलने दादरच्या बाजारात जाणारा मोगरा, हे सारे तिच्यात मोठ्या ममत्वाने नोंदवलेले आहे. परंतु ज्या रोजंदारीच्या माणसांनी या हिरवाईवर पाठीवरच्या पंपाने विष फवारले आणि त्याचा काही अंश आपल्याच कातडीवाटे रक्तात घेतला, त्यांच्याविषयी तिच्यात एक ओळही नाही. मी एक टिपण आगाऊ धाडले होते. ‘प्रसंगास साजेसे नाही’ या शेऱ्यासह ते परत आले. तेव्हा जे तेथे छापले गेले नाही, ते येथे लिहितो.

गेल्या तीस-पस्तीस वर्षांविषयी माझ्यापाशी सांगण्याजोगे थोडेच आहे. हरित पट्ट्यासाठी आंदोलन झाले, 2009 साली महानगरपालिका आली, 2014 साली ठाणे जिल्ह्यातून पालघर जिल्हा निघाला, आणि सातबाऱ्यावरच्या वाड्यांच्या जागी इमारती आल्या. हा वृत्तांत पुष्कळांनी लिहून झाला आहे. भूमी, पाणी आणि वृक्ष यांसाठी झालेल्या त्या लढ्याविषयी माझ्या मनात आदर आहे. मात्र त्याच्या व्यासपीठावरून फवारणीच्या मजुराची कैफियत कोणी मांडल्याचे मला स्मरत नाही.

माझे मन रेंगाळते ते सत्तरीच्या दशकात. निर्मळ-भुईगावपासून आगाशीपर्यंतच्या वाड्यांत त्या काळी वांगी, भेंडी, मिरची आणि पानवेल यांवर औषध मारण्याचे काम बहुधा आदिवासी पाड्यांवरून येणाऱ्या मजुरांकडे असे. एन्ड्रिन आणि पॅराथिऑन ही नावे त्यांना वाचता येत नसत, पण वासाने ती ओळखता येत. रॉकेलच्या रिकाम्या डब्यात द्रावण कालवावयाचे, काठी जवळ नसली तर हातानेच ढवळावयाचे, आणि झाकण सैल झालेला पंप उघड्या पाठीवर घेऊन उन्हे चढेपर्यंत वाफ्यावाफ्यांतून चालावयाचे, असा तो शिरस्ता होता. गळणारे द्रावण घामात मिसळून कमरेकडे उतरे आणि लंगोटीत मुरून राही. सायंकाळी त्यांच्यापैकी एखाद्याला मळमळ सुटे, तोंडाला लाळ येई, अंग घामाने डबडबे, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होत. आणि वाडीचा मालक, जो स्वभावाने दुष्ट नव्हे, ‘ऊन लागले’ असे म्हणून त्याला ताक पाजी. मोगऱ्याच्या कळ्या खुडणाऱ्या बायांच्या हाती तर पंपही नसे. आदल्या दिवशीची फवारणी पहाटेच्या दवात विरघळून त्यांच्या बोटांना लागे, आणि त्याच बोटांनी त्या गाडीत भाकरी मोडीत.

कृषिखात्याचे जे अधिकारी जीपमधून येत, त्यांचा उपदेश ठरलेला असे: तोंडाला फडके बांधा, फवारताना बिडी ओढू नका. उपदेश खोटा नव्हता, अपुरा होता. पॅराथिऑनच्या कुळातली द्रव्ये ज्ञानतंतूंचा संदेश वेळेवर थांबवणारे कोलिनेस्टरेज नावाचे विकर निकामी करतात, आणि तेथवर पोहोचण्यास त्यांना नाकातोंडाची गरज नसते. 1971 साली अमेरिकेत मैबाख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसाच्या निरनिराळ्या अवयवांवर पॅराथिऑन लावून मोजले असता, कोपराखालच्या हाताच्या त्वचेतून सुमारे 9 टक्के, कपाळातून सुमारे 36 टक्के आणि अंडकोशाच्या त्वचेतून जवळजवळ सारेच द्रव्य शरीरात गेल्याचे आढळले. आमच्या मजुराची लंगोटी नेमकी तेथेच भिजत होती, आणि फडके तोंडाला होते.

योगायोग असा की, आपल्या देशाचे कीटकनाशक नियमही 1971 चेच आहेत. फवारणी करणाऱ्याला योग्य संरक्षक पोशाख असावा, कामावर घेण्यापूर्वी आणि पुढेही ठराविक काळाने त्याची वैद्यकीय तपासणी व्हावी, असे त्यांत स्वच्छ लिहिले आहे. वसई तालुक्यातल्या एकाही वाडीत अशी तपासणी झालेली मी पाहिली नाही. ज्याची हजेरी कोणत्याही वहीत नाही, त्याच्या रक्ताची नोंद कोणत्या दप्तरात व्हावी? ज्या 1968 च्या अधिनियमाखाली हे नियम झाले, तोच मुळी 1958 साली केरळात पॅराथिऑन सांडलेले पीठ खाऊन शंभरावर माणसे दगावली त्या हाहाकारातून निघालेला होता. विष अन्नात उतरले म्हणजे सरकार खडबडून उठते. पाठीवर सांडले म्हणजे तो मजुराचा गलथानपणा ठरतो.

हे जुने गाऱ्हाणे म्हणून सोडून दिले असते, जर 2017 चा पावसाळा उजाडला नसता. त्या वर्षी यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर मृत्युमुखी पडले आणि शेकडो जण इस्पितळात दाखल झाले. कापूस डोक्याच्या वर वाढलेला, हवा दमट, अंगातला सदरा ओलाचिंब. वाडीतल्या चित्राहून निराळे काय होते? चौकशी झाली, काही औषधांवर तात्पुरती बंदी आली, आणि हातमोजे-मुखवटे न वापरल्याचा ठपका अखेर फवारणाऱ्यावरच येऊन बसला. ऑक्टोबरच्या उकाड्यात तो रबरी पोशाख घालून चौकशी करणाऱ्यांपैकी कोणी एक तासभर कापसात चालून पाहिले असते, तर अहवालाची भाषा थोडी मवाळ झाली असती.

या साऱ्या प्रकरणात ज्याचे नाव वारंवार घेतले गेले, ते मोनोक्रोटोफॉस भाजीपाल्यावर मारू नये असा हुकूम 2005 सालीच निघालेला होता, कारण भाजी शहराच्या ताटात जाते. कापूस कोणी खात नाही. म्हणून तेच द्रव्य कापूस फवारणाऱ्याच्या पाठीवर आणखी अठरा वर्षे राहिले, आणि 2023 साली सर्वच पिकांसाठी त्यावर बंदीचा आदेश निघाला, तोही दुकानांतला जुना साठा खपवण्याची सवड ठेवून.