शेवाळाची नेमणूक

शेवाळ या शब्दाला आपल्या घरात कधी मान मिळाला नाही. मोरीत दिसले की खराटा निघतो, गच्चीत दिसले की 'पाय जपून टाका' अशी ताकीद मिळते. या सर्वत्र हाकलल्या जाणाऱ्या जीवाला मी घरात मुद्दाम जागा करून दिली, दिवा लावून दिला, पाणी सोडले, आणि गेली दोन वर्षे ते माझ्याकडे इमानाने काम करते आहे, असे सांगितले तर तुम्ही म्हणाल, निवृत्तीनंतर माणसे असले काहीतरी करतातच!

पण हा नुसता रिकामपणचा उद्योग नव्हता. बँकेच्या नोकरीत काही वर्षे रत्नागिरीला काढली, तेव्हापासून समुद्र डोक्यात बसला. पुण्यात स्थायिक झाल्यावर समुद्र कुठला मिळणार? म्हणून खाऱ्या पाण्याची दीडशे लिटरची टाकी आणली. तिच्यात दोन क्लाऊनफिश आहेत. नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले हे मासे समुद्रातून पकडलेले नाहीत, उबवण केंद्रात वाढवलेले आहेत. जिवंत प्रवाळ मात्र नाहीत. त्यांना आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याचे कवच आहे.

आता अडचण काय होती ते सांगतो. माशांना खाद्य घातले की त्यातून विष्ठा आणि उरलेसुरले कुजणे आलेच. त्याचा अमोनिया होतो, आणि अमोनिया माशांना विष. टाकीतल्या दगडांवर राहणारे जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नायट्रेट त्या मानाने सौम्य, पण गाडी तिथेच अडते. ते पाण्यात साठत जाते. बँकेच्या भाषेत सांगायचे तर रोज भरणा होतो आणि पैसे काढायला कुणी येत नाही. शिल्लक फुगत जाते.

ती कमी करण्याचा सरळ उपाय म्हणजे पाणी बदलणे. गोड्या पाण्याच्या टाकीला हे सोपे, नळ सोडला की झाले. खाऱ्या पाण्याला लिटरमागे सुमारे पस्तीस ग्रॅम खास मीठ लागते. आठवड्याला तीस लिटर पाणी बदलायचे तर किलोभर मीठ आणि भरलेल्या बादल्यांची उचलठेव. साठी उलटलेल्या गुडघ्यांनी आणि पेन्शनीने एकाच वेळी तक्रार सुरू केली. "अहो, देऊन टाका कुणाला तरी," सौ. म्हणाली. "मासे दुसरीकडेही जगतील, गुडघे दुसरे मिळायचे नाहीत." तिचे म्हणणे खोटे नव्हते. पण क्लाऊनफिश नीट सांभाळला तर दहा वर्षांहूनही अधिक जगतो. टाकी देऊन टाकायची, नाहीतर हे काम करणारा दुसरा कुणी शोधायचा, असा प्रश्न होता.

तो दुसरा कुणी अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेच्या वॉल्टर एडी या शास्त्रज्ञाने आधीच शोधून ठेवला होता. कॅरिबियन समुद्रातल्या प्रवाळबेटांचा अभ्यास करताना खडकांवरच्या आखूड, दाट शेवाळाकडे त्यांचे लक्ष गेले. लाटा आदळत राहतात, ऊन मिळते, मासे वरचेवर कुरतडतात आणि शेवाळ पुन्हा झपाट्याने वाढते. वाढताना ते पाण्यातला नायट्रोजन आणि फॉस्फरस ओढून घेते. टाकीच्या पाण्यासाठी असाच खडक वेगळा मांडला तर? या पद्धतीचे पेटंट त्यांना १९८२ मध्ये मिळाले, आणि १९९१ मध्ये कॅरन लव्हलँड यांच्यासह त्यांनी 'डायनॅमिक अ‍ॅक्वेरिया' हे पुस्तक लिहिले.

त्यांच्या यंत्रात लाटेसाठी पाण्याने भरून उलटणारे पात्र होते. हौशी लोकांनी पुढे ते सोपे केले. उभी जाळी टांगायची आणि तिच्यावरून पाण्याचा पातळ पडदा सोडायचा.

माझी जाळी सौ.च्या विणकामाच्या पिशवीतून आली. ज्या प्लॅस्टिकच्या जाळीवर बायका लोकरीची तोरणे भरतात, तीच ही. पंधरा सेंटिमीटर रुंद आणि वीस उंच असा तुकडा कापला आणि करवतीच्या दात्यांनी दोन्ही बाजूंनी खरवडून काढला. गुळगुळीत जाळीवर शेवाळ नीट धरत नाही. पीव्हीसी पाइपला लांबीच्या दिशेने तीन मिलिमीटरची फट पाडली, जाळीची वरची कड त्या फटीत बसवली, पाइपचे एक टोक बंद केले आणि दुसरे छोट्या पंपाला जोडले. रुंदीच्या दर सेंटिमीटरला ताशी पन्नास लिटर पाणी हवे, म्हणजे माझ्या जाळीला साडेसातशे. दोन्ही बाजूंना झाडांसाठी मिळतात तसे एलईडी दिवे लावले. ते दिवसाला सोळा तास जळतात. खाली पडणारे पाणी पुन्हा टाकीत येते. कुठेही लोखंडी किंवा तांब्याचा स्क्रू नाही. दिव्यांच्या तारा पाण्याची उडी पोहोचणार नाही अशा बांधल्या आणि घरातले अर्थ लीकेजचे बटन तपासून घेतले. खारे पाणी आणि वीज यांच्याशी हयगय नको.

पहिले काही दिवस जाळीवर नुसता तपकिरी चिकटा आला. मग हळूहळू हिरवी लव, आणि पुढे केसांसारखे दाट शेवाळ. दर रविवारी जाळी काढतो, मोरीत नळाखाली धरतो आणि शेवाळ खरवडतो. थोडा थर ठेवतो, म्हणजे पुन्हा उगवायला वेळ लागत नाही. गोड्या पाण्याने शेवाळ खाणारे बारीक किडेही मरतात. काढलेले शेवाळ खळखळून धुऊन खताच्या कुंडीत जाते. चौथ्या महिन्यात चाचणीच्या नळीतला गडद लाल रंग फिकट नारिंगी झाला आणि टाकीच्या काचेवरचे शेवाळही ओसरले. जाळीवरच्या शेवाळाने त्याचे अन्नच पळवले होते.

ही जादू नाही. पाणी अजूनही बदलतो, पण महिन्यातून एकदा आणि सौ. पाहील अशा छोट्या बादलीने. वाफ होऊन गेलेल्या पाण्याच्या जागी गोडे पाणी घालतो, कारण मीठ काही उडून जात नाही. जाळीचा आकार टाकीवरून नाही, रोजच्या खाद्यावरून ठरवावा. आणि खरवडण्याचा आळस केला तर तळाचे शेवाळ प्रकाशाविना मरते, कुजते आणि शोषलेले सारे पुन्हा पाण्यात सोडते.

मुठेवर जलपर्णी पसरलेली दिसली की आता मला माझी जाळी आठवते. तीही आपण नदीत सोडलेल्या सांडपाण्यावरच पोसते. वेळेवर काढून दूर नेली तर तेवढा मैला नदीबाहेर जातो, काठावर कुजू दिली तर पावसाबरोबर परत येतो. अर्थात खरा उपाय भरणा कमी करण्याचाच. माझ्या माशांना मी आता दोन चिमटींऐवजी एकच चिमूट खाद्य घालतो, आणि त्यांची काही तक्रार नाही.