दृष्टी गेल्यावरही

कादंबरीकाराची हत्यारे ती कोणती? कागद, लेखणी आणि वाचनासाठी दोन डोळे. यांतील डोळेच नाहीसे झाले, तर त्याने काय करावे? मराठीतील थोर कादंबरीकार विष्णु सखाराम खांडेकर यांच्यापुढे हा प्रश्न उतारवयात उभा राहिला. आश्चर्याची गोष्ट अशी की, त्यांच्या जीवनातील सर्वांत मोठा सन्मान त्यांच्याकडे आला, तोही याच अंधाराच्या दिवसांत.

खांडेकरांचा जन्म ११ जानेवारी १८९८ रोजी सांगली येथे झाला. त्यांचे मूळ नाव गणेश आत्माराम. पुढे दत्तक गेल्यावर ते विष्णु सखाराम झाले. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातील शिक्षण अर्धवट टाकून १९२० साली ते सिंधुदुर्गातील शिरोडे या खेड्यात शिक्षक म्हणून गेले. तेथील शाळेत त्यांनी अठरा वर्षे शिकविले. १९३० साली त्यांची ‘हृदयाची हाक’ ही पहिली कादंबरी निघाली. १९३८ साली ते कोल्हापुरास येऊन राहिले. कादंबऱ्या, कथा, लघुनिबंध, रूपककथा, चित्रपटकथा असे विपुल लेखन त्यांच्या हातून झाले. कोल्हापूरकर त्यांना आदराने ‘भाऊसाहेब’ म्हणत.

१९५९ साली त्यांची ‘ययाति’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. महाभारतातील ययाति राजाला शुक्राचार्यांच्या शापाने अकाली वार्धक्य आले, आणि त्याने आपल्या मुलाकडे तारुण्य मागितले, ही कथा पुष्कळांना ठाऊक असते. खांडेकरांनी ती ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा यांच्या मुखांनी सांगितली आहे. त्यामुळे एकच प्रसंग तीन मनांतून कसा निरनिराळा दिसतो, ते वाचकाला कळते. सुखाच्या मागे धावणाऱ्या माणसाची तृप्ती कधीच का होत नाही, हा या कादंबरीचा विषय आहे. तिला साहित्य अकादमीचे १९६० चे पारितोषिक मिळाले. १९६८ साली भारत सरकारने खांडेकरांना ‘पद्मभूषण’ हा किताब दिला.

परंतु ‘ययाति’चा खरा देशव्यापी गौरव अजून व्हावयाचा होता. भारतीय ज्ञानपीठ या संस्थेने भारतीय भाषांतील श्रेष्ठ साहित्यासाठी एक पुरस्कार ठेवला आहे. १९६५ चा पहिला पुरस्कार मल्याळम कवी जी. शंकर कुरुप यांना मिळाला. त्या काळी हा पुरस्कार एखाद्या विशिष्ट ग्रंथासाठी दिला जाई. लेखकाच्या एकंदर कार्याचा विचार पुढे १९८२ पासून होऊ लागला. १९७४ चा ज्ञानपीठ पुरस्कार ‘ययाति’ला मिळाला, आणि मराठी भाषेला तो प्रथमच लाभला. मराठीला दुसऱ्यांदा हा मान मिळाला तो कुसुमाग्रजांमुळे, १९८७ चा.

सारा महाराष्ट्र आनंदला. मात्र अभिनंदनाची पत्रे खांडेकरांना स्वतः वाचता येत नव्हती. त्यांची दृष्टी तेव्हा गेलेली होती. ज्याचे सारे आयुष्य पुस्तकांच्या संगतीत गेले, त्याला वर्तमानपत्रसुद्धा दुसऱ्याने वाचून दाखवावे लागावे, याहून अधिक कठीण प्रसंग तो कोणता?

तरीही त्यांचे लेखन थांबले नाही. ते तोंडाने सांगत आणि लेखनिक लिहून घेई. हे काम वाटते तितके सोपे नाही. डोळस लेखक आधीच्या ओळीवर नजर टाकतो, एखादा शब्द खोडतो, समासात दुसरा लिहितो, पान उलटून मागे काय म्हटले ते पाहतो. दृष्टिहीन लेखकाला हे सारे मनातच करावे लागते. वाक्य ओठांवर येण्यापूर्वी ते पुरते जुळलेले असावे लागते. परिच्छेद कोठे मोडावयाचा, संवाद कोठे संपला, हेही सांगावे लागते. मनात विचार धावत असला, तरी लेखनिकाच्या हाताच्या गतीने त्याला आवरून धरावे लागते. शिक्षक वर्गात शुद्धलेखन सांगतो तेव्हा त्याच्या हातात पुस्तक असते; येथे पुस्तक अजून जन्माला यावयाचे असते! मग लिहिलेला मजकूर पुन्हा वाचून घ्यावयाचा, आणि कानांनीच त्यातील उणेपणा हेरावयाचा. इंग्रजी महाकवी मिल्टन याने अंधत्व आल्यावर आपले महाकाव्य असेच सांगून लिहविले होते. व्यासांनी महाभारत सांगितले व गणेशाने ते लिहिले, ही कथा तर आपल्याकडे घरोघर सांगतात. जन्मतः ‘गणेश’ हे नाव मिळालेल्या खांडेकरांच्या वाट्याला मात्र या वेळी व्यासांची भूमिका आली.

ज्याने डोळे असताना भरपूर वाचले आहे, त्याचे भांडार अंधारातही रिते होत नाही. खांडेकरांनी संस्कृत कवी वाचले होते, आगरकर वाचले होते, खलील जिब्रानच्या रूपककथा मराठीत आणल्या होत्या. ते सारे त्यांच्या स्मरणात होते.

त्यांचे वाचकही केवळ महाराष्ट्रात नव्हते. त्यांच्या कादंबऱ्या गुजरातीत आणि तमिळमध्ये गेल्या होत्या. का. श्री. श्रीनिवासाचार्य यांनी केलेल्या तमिळ भाषांतरांमुळे दक्षिणेतील असंख्य वाचकांना खांडेकर घरचेच लेखक वाटत. आपले शब्द आपण कधी न ऐकलेल्या गावी, न समजणाऱ्या भाषेत वाचले जात आहेत, हे समाधान त्या काळात त्यांना थोडे नसेल.

२ सप्टेंबर १९७६ रोजी खांडेकरांचे निधन झाले. पुढे १९९८ साली, त्यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, भारतीय टपाल खात्याने त्यांच्या नावे तिकीट काढले. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात त्यांचे स्मृतिसंग्रहालय आहे. त्यांचे आत्मचरित्र त्यांच्या मृत्यूनंतर पाच वर्षांनी, १९८१ साली प्रसिद्ध झाले. इतके विपुल लिहिणाऱ्या या लेखकाच्या आत्मचरित्राचे नाव आहे ‘एका पानाची कहाणी’.