मान सांभाळा, बॉस!

कार घेताना आपण काय काय बघतो? मायलेज, म्युझिक सिस्टीम, सनरूफ, झालंच तर रंग. पण शोरूममध्ये कुणी 'हेडरेस्ट किती वर येतं हो?' असं विचारल्याचं ऐकलंय कधी? नाही ना! डोकं टेकवून मस्त रेलायची उशी, एवढीच आपल्या लेखी त्याची किंमत. पण मंडळी, ते आरामासाठी नाहीच मुळी! त्याचं खरं नाव 'हेड रिस्ट्रेंट', म्हणजे डोक्याला अडवणारं.

समजा, तुम्ही सिग्नलला थांबलाय आणि मागून एखादी गाडी ठोकते. सीट तुमच्या पाठीला पुढे ढकलते, डोकं मात्र जागच्या जागी राहू पाहतं. या ओढाताणीत मान इंग्रजी 'एस'सारखी वळते आणि मग डोकं झटक्यात मागे जातं. सगळा खेळ सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास! मान सावरायला वेळच नसतो. चाबकाच्या फटक्यासारखा हा हिसका, म्हणून नाव 'व्हिपलॅश'.

बंपरवर फारसा ओरखडा नसला तरी मान दुखावू शकते. आणि ते लगेच कळतंच असं नाही. 'काही नाही झालं यार' म्हणत ऑफिस गाठायचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मान वळता वळत नाही! बरेच जण काही आठवड्यांत बरे होतात. काहींची मानदुखी, डोकेदुखी मात्र वर्षानुवर्षं पाठ सोडत नाही.

अमेरिकेत १९६९ पासून नव्या कार्सच्या पुढच्या सीट्सना हेडरेस्ट सक्तीचं झालं. खरी कमाल केली स्वीडनने. १९९७ मध्ये साबने धडक बसताच पाठीच्या दाबाने आपोआप वर आणि पुढे सरकणारं हेडरेस्ट आणलं. १९९८ मध्ये व्होल्वोचं 'व्हिप्स' सीट आलं. त्याची पाठच मागे सरकून धक्का पचवते.

मुलींनो, तुम्ही तर जास्तच सांभाळा. व्हिपलॅशचा धोका बायकांना पुरुषांपेक्षा जास्त असतो. तरी क्रॅश टेस्टचे पुतळे वर्षानुवर्षं पुरुषी बांध्याचेच! सरासरी स्त्रीच्या बांध्याचा, १६२ सेंटिमीटर उंच आणि ६२ किलो वजनाचा पुतळा स्वीडनच्याच अॅस्ट्रिड लिंडर आणि त्यांच्या टीमने जगासमोर आणला, तोही थेट २०२२ मध्ये.

आता एक मिनिट काढा आणि हे कराच :

• हेडरेस्टची वरची कड डोक्याच्या माथ्याइतकी हवी. निदान कानांच्या वर तरी हवीच. मानेशी आलं तर उपयोग शून्य.
• डोकं आणि हेडरेस्ट यांत १० सेंटिमीटरपेक्षा जास्त अंतर नको. जितकं जवळ तितकं छान.
• सीट आरामखुर्चीसारखी मागे पाडू नका. पाठीमागे जाडजूड कुशनही नको, अंतर वाढतं.
• उंची ठरवल्यावर हेडरेस्ट 'क्लिक' होऊन अडकलंय ना, बघा.
• मागे बसणाऱ्यांनाही मान असते! त्यांचंही हेडरेस्ट वर ओढा.

धडक बसलीच आणि हातांना मुंग्या आल्या, ताकद कमी वाटली किंवा मान प्रचंड दुखू लागली, तर तडक डॉक्टर गाठा. साधं दुखणं असेल तर आठवडेच्या आठवडे कॉलर लावून पडून राहू नका. डॉक्टरांच्या सल्ल्याने मान हळूहळू हलवत राहणंच बरं.

आणि हो, घरात दोघं मिळून एकच गाडी चालवता? मग तो उतरला, ती बसली की आरशाबरोबर हेडरेस्टही सेट करायचं. पैसा एक लागत नाही!