डोळ्याची शस्त्रक्रिया आणि श्वासाची वाट

समजा, आपल्या माढ्यातील एखाद्या गल्लीत मुले विटीदांडू खेळत आहेत. उडालेल्या विटीचे टोक सहा वर्षांच्या एका मुलाच्या डोळ्यात घुसते आणि डोळ्याचे कवच फाटते. मूल उगी राहावे म्हणून आई त्याला पेलाभर दूध पाजते आणि मग सारे सोलापूरच्या इस्पितळाकडे धावतात. त्या दुधाचा डोळ्याशी काय संबंध, असे कोणीही विचारील. तोच आज आपणांस समजावून घ्यावयाचा आहे.

मोतीबिंदू काढताना प्रौढ माणसाला बहुधा पूर्ण भूल देत नाहीत. कोकेनच्या थेंबांनी डोळा बधिर होतो, हे व्हिएन्नाच्या कार्ल कोलर यांनी १८८४ साली दाखविले. तेव्हापासून माणूस जागा ठेवून डोळा तेवढा बधिर करता येऊ लागला. परंतु लहान मूल स्थिर पडून राहत नाही, आणि फाटलेल्या डोळ्याभोवती सुई टोचणे धोक्याचे. म्हणून येथे पूर्ण भूलच द्यावी लागते.

पूर्ण भुलेत जीभ सैल होऊन मागे पडते आणि श्वासाची वाट अडू शकते. पोटाची शस्त्रक्रिया असली तर भूलतज्ज्ञ रोग्याच्या उशाशी असतो, हात लगेच तोंडापाशी जातो. डोळ्याच्या शस्त्रक्रियेत ती जागा शल्यवैद्याची. तोंड निर्जंतुक कापडाखाली झाकलेले. उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड मोजणारे यंत्र पाहून श्वास चालू असल्याची खात्री करावी लागते. म्हणून ही वाट आधीच पक्की केलेली असली पाहिजे.

त्याचे दोन मार्ग आहेत. पहिला, श्वासनलिकेत नळी घालणे. पहिल्या महायुद्धानंतर चेहऱ्याच्या जखमांचे सैनिक इंग्लंडमध्ये उपचारासाठी आले, तेव्हा मॅगिल व रोबॉथम यांनी ही पद्धत पुढे नेली. दुसरा मार्ग म्हणजे डॉ. आर्ची ब्रेन यांनी १९८१ साली योजिलेला लॅरिंजियल मास्क. तो घशात, स्वरयंत्राच्या तोंडावर बसतो. श्वासनलिकेत शिरत नाही. त्यामुळे खोकला कमी येतो. तिरळेपणाच्या शस्त्रक्रियेसाठी उपाशीपोटी आलेल्या मुलाला तो पुष्कळदा सोयीचा पडतो.

आता त्या दुधाकडे वळू. भुलेत पोटातले अन्न वर येऊन फुप्फुसात उतरले, तर जिवावर बेतते. मास्क ते खात्रीने अडवीत नाही, नळी अडविते. पण नळी घालताना मूल खोकले किंवा कुंथले तर? निरोगी डोळ्यातील दाब पाऱ्याच्या १० ते २१ मिलिमीटरएवढा असतो. एका खोकल्याने तो ३० ते ४० मिलिमीटरने वाढू शकतो. धडधाकट डोळा हे सोसतो. फाटलेल्या डोळ्यातून मात्र आतला ऐवज बाहेर येतो आणि दृष्टी जाते. एका बाजूला प्राण, दुसऱ्या बाजूला डोळा! भूलतज्ज्ञ आधी भरपूर प्राणवायू देतो, मग झटपट गाढ भूल व स्नायू सैल करणारे औषध देऊन नळी बसवितो. पोट भरलेले असेल, तर शेवटी नळी काढतानाही मूल पुरते शुद्धीवर यावे लागते आणि त्याने खोकूही नये, अशी दुहेरी कसरत असते.

यात घरच्यांचे कामही मोठे आहे. डोळा फुटला तर तो चोळू नये, दाबू नये, धुऊ नये. रुतलेली वस्तू ओढू नये. डोळ्याला न टेकेल अशी वाटी वर धरावी. (चुना गेला असेल तर मात्र ताबडतोब भरपूर पाण्याने धुवावा.) मुलाला खाऊपिऊ घालू नये. आणि शेवटचे काय, किती वाजता खाल्ले आणि इजा केव्हा झाली, हे डॉक्टरांना खरेखरे सांगावे. इजेनंतर पोट रिकामे होण्यास वेळ लागतो, म्हणून दोन्ही वेळा हव्यात. डॉक्टर रागावतील या भीतीने बिस्किट लपविणारी आई मुलावर मायाच करीत असते. पण त्या वेळी मुलाला तिच्या मायेइतकेच तिच्या खऱ्या शब्दाचे बळ हवे असते.